मॉरीनची लाल बिअर

वाइन चाखणारे थुंकतात. बिअर चाखणाऱ्याला ती सोय नाही. बिअरचा कडूपणा घोट खाली उतरताना घशाशी कळतो, म्हणून थोडी का होईना, गिळावीच लागते. हे मी रीडिंगच्या आमच्या मराठी मंडळात इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता माझा मलाच कंटाळा आलाय. उपयोग शून्य. हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी हळूच विचारणारच, "काय हो, ऑफिसमधून थेट आलात का?" आणि मग बाकीच्यांचं फिदीफिदी. आमचे हे तर आयुष्यात सुपारीच्या खांडालाही न शिवलेले. ते लोकांना सांगत, "ती क्वालिटीत आहे." कसली क्वालिटी, हे कोणी विचारायच्या आत पाऊसपाण्यावर घसरत.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "वहिनी, तुमच्या नोकरीचं काहीतरी हलकंफुलकं लिहा हो. दिवाळी आहे, लोकांना गंमत वाटेल." मी हो म्हटलं आणि गमतीजमती लिहायलाही घेतल्या. पण लिहायला बसलं की मॉरीन समोर येऊन बसते. तिला उठवून लावून लेस्टरच्या पबवाल्याची गंमत लिहिणं मला जमेना. तेव्हा आधीच सांगते, हे हलकंफुलकं नाही. मॉरीन कॅनडात, अगदी पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात, आयरिश पद्धतीची लाल बिअर बनवायची. तिच्याइतकी चांगली लाल बिअर मी तरी दुसरी प्यायले नाही. तिची ब्रुअरी आता बंद आहे, आणि ती बंद पडायचं ठरलं ते आमच्या टेस्टिंग रूममध्ये, माझ्यासमोर.

मी मूळची सांगलीची. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी, पहिली नोकरी डेअरीच्या लॅबमध्ये, लोणी आणि तूप तपासायची. मग ह्यांना कंपनीने इकडे पाठवलं, मी मागोमाग आले, आणि लेक शाळेत जायला लागल्यावर परदेशी बिअर मागवणाऱ्या एका कंपनीत यीस्ट तपासायला लागले. एके दिवशी चाखणाऱ्यांच्या पॅनेलमध्ये माणूस कमी पडला म्हणून मला खुर्चीत बसवलं. ती खुर्ची मी निवृत्त होईपर्यंत सोडली नाही.

पॅनेलची खोली म्हणजे मोटरवेजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली एक बिनखिडकीची खोली. आत लाल दिवा. बिअरचा रंग दिसू नये म्हणून; एकदा रंग दिसला की जीभ डोळ्यांचंच ऐकते. दोन खुर्च्यांच्या मधे फळीचा आडोसा, बोलायला बंदी. सकाळपासून कॉफी नाही, सेंट नाही, लिपस्टिक नाही. आणि माझ्यापुरता खास नियम, की पॅनेलच्या दिवशी घरात फोडणी नाही. त्या दिवशी ह्यांना सकाळी दूधपोहे. बिचारे कुरकुर न करता खायचे, पण मुलीला फोनवर सांगायचे, "आज तुझ्या आईची बिअर आहे, मी उपाशी." वास घेऊन घेऊन नाक थकलं की आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसायचं. स्वतःच्या अंगाचा वास नाकाला सगळ्यांत ओळखीचा, त्याने ते ताळ्यावर येतं. लाल उजेडात पाच-सहा मोठी माणसं आपापल्या कोपरात तोंड घालून बसलेली पाहून एकदा फायर अलार्म तपासायला आलेला माणूस दारातूनच परत गेला होता.

आणि आमच्याकडे वाद मिटवायची एकच रीत. तीन ग्लास लावायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता, एवढंच सांगायचं. चांगला-वाईट म्हणायचं नाही, कारण द्यायचं नाही, फक्त बोट ठेवायचं. बिअरच्या धंद्यात जगभर ही रीत आहे, आणि त्यात हुद्दा, वय, मोठमोठ्या गप्पा काही चालत नाही. नाक असेल तर बोट बरोबर पडतं.

पहिल्याच महिन्यात मी तिथे भरपूर हसं करून घेतलं. यीस्ट बिअर आंबवताना लोण्याच्या वासाचा एक पदार्थ तयार करतं आणि थोडे दिवस उबेत राहू दिलं तर आपणच तो खाऊन टाकतं. घाई केली, टाकी लवकर थंड केली, की लोणी बिअरमध्ये तसंच राहतं. बिअरमधला हा मोठा दोष. मला काय ठाऊक! मी वर्षानुवर्षं लोण्याला मार्क देत आलेली. त्या दिवशी एका ग्लासात असा काही कढत्या लोण्याचा वास आला, की मला सांगलीच आठवली, आणि मी त्याला सगळ्यांत जास्त मार्क देऊन मोकळी. बाकी सगळ्यांनी तो नापास केलेला. आमचा मॅनेजर ग्रॅहम इतका हसला की त्याला खोकला लागला. पुढे मात्र त्याच माणसाने लोण्याचा संशय आला की पहिला ग्लास माझ्यापुढे ठेवायची पद्धत पाडली. तुपावर वाढलेलं नाक लोणी कधी चुकत नाही, हे त्याला पटलं होतं.

लेस्टरच्या पबवाल्याचंही सांगून टाकते, म्हणजे संपादक रागवायला नकोत. "तुमच्या बिअरला साबणाचा वास येतो" म्हणून त्याने सबंध खेप परत धाडली. आम्ही तपासली, एकदम उत्तम. शेवटी मी आणि ग्रॅहम त्याच्या पबमध्ये गेलो. बघतो तर तो ग्लास साबणाच्या पाण्यातून काढून, न खळबळताच फडक्यावर उपडे घालतोय. मी म्हटलं, "अहो, पाण्याखाली धरा तरी." तर म्हणे, "आमच्या घरात सगळे असेच धुतात." काय बोलणार, कप्पाळ?

आता मॉरीनची बिअर. आयरिश रेड म्हणजे साधारणपणे गरीब बिअर. फार कडू नाही, फार तीव्र नाही, संध्याकाळी दोघा-तिघांनी गप्पा मारत प्यायची. लाल रंग येतो तो थोडी बार्ली पार काळी होईपर्यंत भाजून घालतात म्हणून. मॉरीनची त्याच घराण्यातली, पण जोरकस. नेहमीच्या रेडपेक्षा अल्कोहोल जवळजवळ दीडपट. असल्या बिअरमध्ये बहुतेकांचा तोल जातो. एक तर पाकासारखी चिकट होते, नाहीतर घशात जळजळते.

मॉरीनचं सॅम्पल पहिल्यांदा आलं त्या दिवशी पॅनेल झाल्यावर मी ग्लास बाहेरच्या उजेडात नेऊन पाहिला. काळ्या मनुका भिजवलेल्या पाण्याचा असतो तसा रंग, आणि कडेला माणकाची लाली. वर जाडसर, मळकट पांढरा फेस. नाकाला आधी तव्यावर जरा जास्त राहिलेल्या पोळीचा खरपूस वास, मग काकवी, आणि अगदी मागे कुठेतरी ओली माती. घोट घेतला की पहिल्यांदा गोडी येते, पण ती जिभेवर बसून राहत नाही. भाजलेली बार्ली येऊन तिला पुसून टाकते, तोंड कोरडं, किंचित तुरट होतं, आणि तेवढ्यात छातीत मिऱ्याची ऊब उतरते. लोणी होतं का? होतं, पण नखाएवढं, असावं तितकंच. चाखताना केतकी माझ्या शेजारच्या आडोशात होती. केतकी आमची पॅनेलप्रमुख, पुण्याची, माझ्याहून वयाने लहान आणि हुद्द्याने मोठी, एरवी सगळ्याला नाकं मुरडणारी. बोलायची बंदी तिनेच घातलेली, आणि तीच आडोशामागून म्हणाली, "काकू, ही कोणी केलीये हो?"

आम्ही तिची खेप मागवली, ती आली आणि बघता बघता संपली. आमच्या पद्धतीप्रमाणे पुढे ताडून पाहायला थोड्या बाटल्या आम्ही थंड खोलीत राखून ठेवल्या. मॉरीनशी माझं फोनवर बोलणं सुरू झालं ते तेव्हापासून. ती सत्तरीला टेकलेली, नवरा गेलेला, मुलंबाळं नाहीत. ब्रुअरी आजोबांच्या वेळची. लॅब नव्हती, यंत्रं नव्हती. बाटल्या भरायला आणि गाडी चालवायला एक माणूस, बाकी सगळं ती. टाकी कधी थंड करायची, हे ती झाकण उघडून वास घेऊन ठरवायची. बोलणं अर्थात इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं. "तू लोणी हुंगायचीस, मी टाक्या हुंगते," म्हणायची, "आपण दोघी एकाच जातीच्या." गावातली माणसं कामासाठी शहरात निघून जात होती, तिथे खप उरला नव्हता. तिने स्पष्टच सांगितलं होतं, "तुमची ऑर्डर आहे म्हणून मी टाक्या लावते. ती गेली तर मी दार लावून घेते. मग मी दिवसभर करू काय?"

दुसऱ्या वर्षीचं सॅम्पल आलं. मी लाल उजेडात ग्लास नाकाशी नेला. लोणी. नुसतं लोणी. काकवी नाही, पोळी नाही, बार्लीचा कोरडेपणा त्या तुपकट वासाखाली गुदमरलेला. ग्लासावर फक्त आकडा असतो, कोणाची बिअर ते आम्हाला सांगत नाहीत. मी नापास लिहून मोकळी झाले. केतकीने नंतर नाव वाचलं, ते मॉरीनचं. ग्रॅहमने दुसऱ्या बाटल्या मागवल्या. त्याही तशाच. आता पॅनेलचा निर्णय फिरवायची सोय त्यालाही नव्हती.

मॉरीन फोनवर कडाडली. "माझ्या बिअरमध्ये लोणी? तुम्ही बाटल्या उन्हात ठेवल्या असतील!" मी म्हटलं, "मॉरीन, हे रीडिंग आहे. ऊन कुठून आणू?" एरवी ती हसली असती. "मी येते," म्हणाली, "माझ्यासमोर चाखा." आणि खरंच विमानात बसून आली.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कँटीनमध्ये. उंच, हाडापेराने मजबूत, लोकरीचा जाड स्वेटर, हात एखाद्या शेतकरणीचे. मला कडकडून मिठी मारली आणि लगेच भांडायला सुरुवात. टाकी कशी धुतली, यीस्ट कुठून आणलं, बार्ली कुठली. सगळं बरोबर होतं, तसूभर चूक नव्हती. ती बोलत असताना मागे कोणाचा तरी टोस्ट जळला. धूर नव्हता, पण वास असा की ग्रॅहमने तोंड वाकडं केलं, केतकी उठून खिडकीशी गेली. मॉरीन बार्लीबद्दल बोलतच राहिली. तिचं तोंड टोस्टरकडेच होतं. तिने एकदाही तिकडे पाहिलं नाही.

मी ते पाहिलं. केतकीनेही ते पाहिलं होतं. त्याच वेळी मॉरीन टेबलावर हात आपटून म्हणाली, "वाद कशाला? तीन ग्लास लावा. गेल्या वर्षीची आणि यंदाची. मी बोट ठेवून दाखवते, आणि फरक आहे तो किती नखाएवढा आहे तेही सांगते."

केतकीने मला थंड खोलीच्या दाराशी गाठलं. "काकू, हिला वास येत नाहीये. नका लावू ग्लास."

"तिनेच मागितलेत ना."

"तुम्ही तिला बाजूला घेऊन सांगा. तुमचं ऐकेल ती."

"काय सांगू? तुझं नाक गेलं म्हणून? तू ऐकलं असतंस?"

केतकीने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मी नाही येत आत." पण आली. ग्रॅहमला मात्र तिने बाहेरच थांबवलं.

आजही मला कळत नाही, की तेव्हा मी दुसरं काय करायला हवं होतं. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर ती मला खोटी म्हणाली असती, आणि तीन ग्लास मागितलेच असते. न सांगता परत पाठवलं असतं, तर आमच्यावर चिडून, मनाने धडधाकट राहून घरी गेली असती. पुढची टाकीही तशीच तुपकट झाली असती, त्याच्या पुढचीही. कुठूनही विचार केला तरी मी तिथेच येते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तुझी काय चूक?" चूक कोणाचीच नाही हो, तेच तर सोसवत नाही. चूक असती तर कोणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. त्यानंतर लवकरच मी काम सोडलं. मॉरीनने टाक्या विकल्या. नाताळला मी फोन करते, ती हवेबद्दल बोलते, गुडघ्यांबद्दल बोलते. बिअरचं नाव ती काढत नाही आणि मीही नाही. आणि सकाळी उठल्या उठल्या मी तुपाच्या बरणीचं झाकण उघडून नाक लावते. ह्यांना वाटतं मला तुपाची आवड. मी बघते, अजून वास येतोय ना. वयाच्या मानाने येतोय, पण मागच्या वर्षीएवढा नाही, हे मला कळतं.

तर त्या दिवशी मॉरीनच्या गेल्या वर्षीच्या बिअरची एकच बाटली उरली होती. मी आतल्या खोलीत ग्लास भरले. दोनांत यंदाची, एकात जुनी, आणि बाहेर आणून लाल दिव्याखाली ओळीने लावले. चांगला ग्लास उजवीकडचा. फोडलेल्या बाटल्यांचा लोण्याचा वास माझ्या खुर्चीपर्यंत येत होता.

मॉरीन ऐटीत बसली. पहिला ग्लास तिने गोल फिरवला, नाकाशी नेला, एक घोट. दुसरा, तिसरा. मग परत पहिला. मग ग्लास खाली ठेवून स्वेटरची बाही वर ओढली आणि कोपरात नाक खुपसलं. खूप वेळ तशीच बसली. मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची ऐट गेली होती. परत तिसरा, परत दुसरा.  

"हा," ती म्हणाली आणि मधला ग्लास पुढे सरकवला. "बरोबर?"

"नाही, मॉरीन."

"मग हा?" तिने डावीकडचा उचलला, आणि उचलता उचलताच थांबली. तीन ग्लासांत दुसऱ्यांदा बोट ठेवायचं नसतं, हे तिला जन्मापासून ठाऊक. तिने तो हळूच खाली ठेवला.

"फरक मोठा आहे का?" तिने विचारलं.

"मोठा आहे."

"किती? दारातून आत आल्यावर कळेल इतका?"

मी हो म्हणून मान हलवली. केतकी आडोशामागे रडत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"हिवाळ्यात छातीत कफ झाला होता," मॉरीन म्हणाली. "तो गेला. नाक चोंदलेलं राहिलं, म्हटलं, निघेल. मग पाव बेचव लागायला लागला. मला वाटलं, बेकरीवाल्याने पीठ बदललं. त्याला बोलूनही आले मी. कॉफी बेचव. म्हटलं, आता वय झालं, आता असंच." तिने बाही खाली ओढली. "टाकीचं झाकण उघडायचे ना, तेव्हा मला वास यायचा. शपथ. नेहमीचा वास यायचा मला."

"गावात कोणी काही म्हणालं नाही?" केतकीने विचारलं.

"यंदा स्मूद झालीय, म्हणाले. मला बरं वाटलं होतं."

 डॉक्टरला दाखव म्हटलं, नाक परत येतं कधीकधी म्हटलं, तुझ्या माणसाला वास घ्यायला शिकव म्हटलं. सगळं बोलून झालं. तिने सगळं ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं.

"चांगला कुठला?" तिने विचारलं.

मी उजवीकडच्या ग्लासाला बोट लावलं. तिने तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, गालातून फिरवला, गिळला. डोळे उघडायला वेळ लावला.

"थंड आहे," म्हणाली. "शेवटी जरा कडू. बस."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

"अजून आहे का हिची बाटली?"

"नाही गं. ही शेवटची."

अर्धा ग्लास उरला होता. तिने तो माझ्यापुढे सरकवला. "मग तू पी. माझ्यावर वाया जाईल."

मला प्यायची नव्हती. मी केतकीकडे पाहिलं, तिने मान फिरवली. मी ग्लास उचलला आणि प्यायले. सगळं होतं त्यात, होतं तसंच्या तसं. मॉरीन टेबलावर पुढे झुकली होती. मी शेवटचा घोट गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.